व्यसनाची विचारपूस : नोंदवहीपासून मोबाईलपर्यंत

जयपूरहून टोंकच्या दिशेने निघाले की सुमारे चाळीस किलोमीटरवर चाकसू लागते. इतिहासाच्या पुस्तकांत याच गावाचे नाव चाटसू असे येते. गावाजवळच्या शील की डुंगरीवर शीतलामातेचे देऊळ आहे. होळीनंतरच्या अष्टमीला तिथे मोठी यात्रा भरते, आणि त्या दिवशी चूल न पेटवता आदल्या दिवशी रांधलेले गार अन्न देवीला दाखवून खाल्ले जाते. आपल्याकडे ज्या रोगाला नुसते 'देवी' म्हणत, त्याच रोगाची ही देवता. या गावावरून जाणारा रस्ता म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग १२, आताचा ५२. कोटा, झालावाड, इंदूर ओलांडून तो धुळ्यात उतरतो आणि छत्रपती संभाजीनगर, बीड, सोलापूर करीत पुढे कर्नाटकात जातो. त्यामुळे चाकसूच्या ढाब्यांवर महाराष्ट्राच्या क्रमांकाचे ट्रक उभे दिसणे यात नवल नाही.

केंद्र शासनाच्या नोकरीत माझी काही वर्षे जयपुरात गेली. त्या काळात एकदा चाकसू तहसिलीतले काम आटोपून परतताना अशाच एका ढाब्यावर मराठी कानावर पडली. परमुलखात मराठी ऐकू आली की आपण हातातला चहा घेऊन तिकडे सरकतोच. ट्रकचालक बीडकडचा होता, वय चाळिशीच्या आत. कांद्याच्या भावापासून सुरू झालेले बोलणे रात्रीच्या प्रवासावर आले, तेव्हा तो आपण होऊन म्हणाला, "रातच्याला चालवायचं म्हंजी बोंडाचं पाणी लागतंय सायेब. न्हाईतर हातपाय धरत्यात." बोंडे म्हणजे अफूची सुकलेली बोंडे, राजस्थानात त्यांना डोडा पोस्त म्हणतात. व्यसनमुक्तीच्या एका प्रशिक्षणात मिळालेली आठ प्रश्नांची एक चाचणी माझ्या मोबाईलवर हिंदीत होती. मी म्हटले, "पाच मिनिटे लागतील, उत्तरे देऊन पाहता का?" त्याने मोबाईलकडे पाहिले आणि विचारले, "हे भरल्यालं जातंय कुठं?"

हा लेख त्याच्या या एका प्रश्नाबद्दल आहे. मी क्षणभर निरुत्तर झालो, कारण हाच प्रश्न पूर्वी एका माणसाने मला विचारायला हवा होता. त्याने तो विचारला नाही, आणि त्याची किंमत त्याने मोजली.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कार्यालयात मारवाडकडचे एक वाहनचालक माझ्या हाताखाली होते. वाहनचालकांच्या वैद्यकीय तपासणीच्या फॉर्ममध्ये नशापाण्याचा एक रकाना असे. ते तो फॉर्म घेऊन माझ्याकडे आले. मी नव्या उत्साहाने सांगितले, "खरे असेल ते लिहा." त्यांनी खरे लिहिले : डोडा, वीस वर्षे, परवान्यावर. फॉर्म आस्थापना शाखेत गेला, त्यावर टिप्पणी झाली, आणि टिप्पणीवर मीच सही केली. त्यांना गाडीवरून काढून टपालाच्या कामावर बसवले. गाडीवरून काढणे चूक नव्हते, असे मी आजही म्हणेन. परंतु त्या धारिकेत 'यांच्यावर उपचार करावेत' असे एकही वाक्य नव्हते, आणि ते लिहिण्याचे मलाही सुचले नाही. आठवडाभरात त्या फॉर्ममधला मजकूर सर्व कार्यालयाला ठाऊक झाला. लोक त्यांना 'अमली' म्हणू लागले. वर्षभरात त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यानंतर मी तिथे असेपर्यंत ज्या तपासण्या झाल्या, त्यांत कोणीही त्या रकान्यात 'नाही' याखेरीज दुसरा शब्द लिहिला नाही. म्हणजे एका खऱ्या उत्तराच्या मोबदल्यात आम्ही पुढची सगळी खरी उत्तरे गमावली.

सरकारने प्रजेला नशेबद्दल प्रश्न विचारणे ही गोष्ट नवी नाही. एकोणिसाव्या शतकात अफू हे जमीनमहसूल आणि मीठ यांच्या पंक्तीला बसणारे उत्पन्न होते. बंगालच्या बाजूला सरकारची मक्तेदारी होती. माळव्यातली अफू शिंदे, होळकर आणि इतर संस्थानांच्या मुलखात पिके आणि मुंबई बंदरातून चीनकडे जाताना इंग्रज सरकार तिच्यावर परवाना शुल्क घेई. इंग्लंडमध्ये या व्यापाराविरुद्ध ओरड वाढली, तेव्हा १८९३ साली लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली अफूविषयक शाही आयोग नेमला गेला. आयोगाने ७२३ साक्षीदार तपासले. राजपुताना आणि माळव्यातल्या संस्थानांतल्या साक्षीही त्यात होत्या. १८९५ साली अहवाल आला. हिंदुस्थानातले अफूसेवन बहुतांशी माफक आहे, बंदीची गरज नाही, असा त्याचा सूर होता. हेन्री विल्सन या सभासदाने भिन्नमत नोंदवले; साक्षी गोळा करण्याच्या पद्धतीवरच त्यांचा आक्षेप होता.

त्याच सुमारास गांजा-भांगेसाठी दुसरा आयोग नेमला गेला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग त्याचे अध्यक्ष होते. या आयोगाने ७० प्रश्नांची प्रश्नावली काढली आणि १,१९३ साक्षी नोंदवल्या. त्या काळी मुंबई इलाख्यातल्या गांजाच्या लागवडीत अहमदनगर जिल्हा अग्रेसर होता, त्यामुळे आपल्या मुलखाचे वर्णनही त्या खंडांत येते. आजही हे खंड वाचनीय आहेत. मात्र प्रशासक म्हणून वाचताना एक गोष्ट खटकते. साक्ष देणाऱ्यांत अधिकारी, डॉक्टर, जमीनदार, व्यापारी आणि मिशनरी यांचीच दाटी आहे. प्रश्न नशा करणाऱ्यांबद्दल होते, पण ते मुख्यतः इतरांना विचारले गेले. शिवाय विचारणाऱ्याचे उत्पन्न त्या उत्तरावर अवलंबून होते. ज्याला नफा होतो त्यानेच 'यात तोटा आहे का?' असे विचारले, तर कोणते उत्तर ऐकू येईल हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर दृष्टी बदलली. संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने मादक पेये व द्रव्ये यांच्या बंदीचे उद्दिष्ट राज्यापुढे ठेवले. १९४९ साली झालेल्या अखिल भारतीय अफू परिषदेने दहा वर्षांत अफू खाणे बंद करण्याचे ठरवले आणि १९५९ पासून औषधी व वैज्ञानिक उपयोगापुरतीच अफू ठेवण्याचे धोरण आले. मग आधीपासून सवय असलेल्यांचे काय? त्यांच्यासाठी नोंदवही आली. नाव नोंदवा, वैद्यकीय दाखला द्या, ठरलेला हिस्सा घ्या. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यानेही हाच मार्ग घेतला. महाराष्ट्रात आजही मद्यपानाचा परवाना मिळतो तो आरोग्याचे जतन व रक्षण करण्यासाठी! आपण त्यावर विनोद करतो, पण त्यामागे एक प्रशासकीय तर्क आहे. नोंदवहीत लोक खरे सांगतात, कारण खरे सांगितल्यावर काहीतरी पदरात पडते. दोष इतकाच की जे पदरात पडते ते उपचार नसून मालच असतो, आणि एकदा नाव चढले की ते कमी करण्याची घाई कोणालाच नसते.

राजस्थानातली डोडा पोस्ताची व्यवस्था या नोंदवहीचा शेवटचा मोठा अवशेष होती. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा कडक असला तरी अफूच्या बोंडांच्या विक्रीचे नियमन राज्यांकडे होते. राजस्थानात परवानाधारक दुकाने होती आणि परवानाधारक गिऱ्हाइके होती. माझ्या त्या वाहनचालकांचा परवाना यातलाच. १ एप्रिल २०१६ पासून ही दुकाने बंद झाली. तत्पूर्वी राज्य सरकारने 'नया सवेरा' नावाने शिबिरे घेऊन परवानाधारकांवर उपचार करण्याचा प्रयत्न केला. दुकाने बंद होणे योग्यच होते. तरी एक परिणाम विसरू नये. ज्यांचे परवाने होते ते सरकारला ठाऊक होते. ज्यांचे नव्हते ते पूर्वीही ठाऊक नव्हते आणि दुकाने गेल्यावर कोणाच्याच वहीत नव्हते. रात्री महामार्गावर चालणारा बीडचा ट्रकवाला या दुसऱ्या गटातला.

विचारण्याची तिसरी पद्धत सरकारबाहेर घडली, आणि तिच्या इतिहासात पुण्याला मानाचे स्थान आहे. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दचे, म्हणजे ब्राउन शुगरचे, व्यसन पसरले. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यातल्या मुलांशी बोलून त्याबद्दल लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई मदतीला पुढे आले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झाले. त्या रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. सुनंदा अवचट, म्हणजे सर्वांच्या 'मॅडम', हा त्या कामाचा कणा होता. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे आणि त्याच्याशी बरोबरीने बोलता येते, हे मुक्तांगणने महाराष्ट्राला दाखवले. मात्र अशा केंद्रापर्यंत माणूस पोहोचतो तेव्हा बहुधा घर, नोकरी, पैसा यांतले बरेच काही गेलेले असते. त्याआधीच्या दहा-पंधरा वर्षांत त्याला कोणी काही विचारले होते का?

या उणिवेतूनच त्या आठ प्रश्नांचा जन्म झाला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ साली वेगवेगळ्या देशांतले तज्ज्ञ एकत्र आणून 'असिस्ट' नावाची चाचणी घडवायला घेतली. दवाखान्यात खोकला किंवा पाठदुखी घेऊन आलेल्या माणसाला कोणत्याही आरोग्य कर्मचाऱ्याने सहज विचारावेत असे हे प्रश्न आहेत. कोणते पदार्थ कधी घेतलेत? गेल्या तीन महिन्यांत किती वेळा? घेण्याची तीव्र इच्छा किती वेळा झाली? त्यामुळे प्रकृती, पैसा, कायदा, नाती यांत अडचण आली का? करायचे काम राहून गेले का? जवळच्या माणसाने काळजी बोलून दाखवली का? कमी करायचा प्रयत्न फसला का? सुईने घेतले का? प्रत्येक उत्तराला गुण आहेत. अमली पदार्थांसाठी ३ पर्यंत गुण म्हणजे कमी धोका, ४ ते २६ मध्यम, २७ आणि वर तीव्र. दारूसाठी मध्यम धोका ११ पासून धरतात.

मध्यम गटातल्या माणसाशी तिथेच काही मिनिटे बोलायचे. त्याचे गुण त्याला दाखवायचे, त्यांचा अर्थ सांगायचा, निर्णय त्याचाच आहे हे मान्य करायचे, कमी करण्याचे दोन-तीन मार्ग समोर ठेवायचे आणि 'तुम्हाला जमेल' हा विश्वास द्यायचा. उपदेश नको, दरडावणी नको. तीव्र गटातल्याला मात्र तज्ज्ञाकडेच पाठवायचे. रोजची दारू किंवा अफू एकाएकी सोडली तर जिवावर बेतू शकते. म्हणून तिथे मोबाईलवरचा सल्ला पुरेसा नाही. प्रश्नांची रचना इतकी सुटसुटीत असल्याने ती संगणकावर आणि मोबाईलवर आणणे ही पुढची पायरी होती, आणि ती घडलीही. दारूसाठी तर जागतिक आरोग्य संघटनेने बेलारूस, ब्राझील, मेक्सिको आणि भारत या देशांत इंटरनेटवरून स्वतःची चाचणी व स्वतःला मदत असा उपक्रमच चालवून पाहिला. भारतातले काम दिल्लीच्या एम्सने केले.

याचा उपयोग होतो का? या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. असिस्ट आणि तिच्यासोबतच्या संक्षिप्त समुपदेशनाची परीक्षा ऑस्ट्रेलिया, ब्राझील, भारत आणि अमेरिका या चार देशांत ७३१ लोकांवर झाली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एकंदरीत पाहता, बोलणे झालेल्यांचे गुण न झालेल्यांपेक्षा अधिक उतरले. अमेरिकेत मात्र तसा फरक दिसला नाही. २०१४ साली अमेरिकेतच झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांत अमली पदार्थांच्या बाबतीत अशा थोडक्या बोलण्याचा लाभ आढळला नाही. उलट आपल्या गोव्यात 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून, घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या ३७७ पुरुषांसोबत काम केले. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के सावरले होते, न मिळालेल्यांत २६ टक्के. ही भेट एकच नव्हती, चारपर्यंत बैठका होत्या. माझा निष्कर्ष असा : प्रश्नावली ही दाराची कडी आहे. ती वाजवली म्हणून घरात कोणी असेलच असे नाही. दार उघडल्यावर बोलायला माणूस लागतो.

आपल्या देशात दारेच इतकी बंद आहेत की कडीचेही महत्त्व कमी लेखू नये. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने, जे एम्सच्या राष्ट्रीय केंद्राने केले, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला काही उपचार मिळतात असे दाखवले. अमली पदार्थांच्या बाबतीत हे प्रमाण २० जणांत एक असे होते. उरलेल्या माणसांना दवाखाना ठाऊक नसतो असे नाही. दवाखान्याच्या दारात कोणी पाहील, केसपेपरवर काही लिहिले जाईल, याची त्यांना भीती असते. ज्या पडद्यासमोर तोंड लपवावे लागत नाही, तो पडदा या भीतीवरचा स्वस्त उतारा आहे. पण तो तेव्हाच, जेव्हा त्या पडद्यामागे नोंदवही लपलेली नसेल.

इथे मला पुन्हा शीतलामाता आठवते. देवीच्या रोगाचे रुग्णही लोक घरात दडवीत. १९७४-७५ मध्ये आरोग्य कर्मचारी रोग्याचे चित्र घेऊन दारोदार फिरले आणि रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस जाहीर झाले. भारतातला इथलाच असा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला आणि १९७७ साली देश देवीमुक्त ठरला. तिथे विचारपूस फळाला आली, कारण सांगणाऱ्याचे नुकसान होणार नव्हते. व्यसनाच्या बाबतीत आपला कायदा एक पाऊल याच दिशेने टाकतो. १९८५ च्या कायद्यात कलम २७ प्रमाणे सेवन हा गुन्हा आहे. परंतु कलम ६४ अ नुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस आपण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेईल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येते. मानसिक आरोग्य कायदा २०१७ ने व्यसनाशी निगडित अवस्थांना मानसिक आजारात धरले आणि अशा रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही आता पुस्तकात आहे. तरतुदी आहेत, त्या फॉर्मच्या मागच्या पानावर उतरायला हव्यात.

म्हणून अशी चाचणी चालवणाऱ्या कोणत्याही शासकीय यंत्रणेने तीन गोष्टी पाळाव्यात असे मला वाटते. पहिली, प्राथमिक प्रश्नांसाठी नाव, मोबाईल क्रमांक वा आधार मागू नये. दुसरी, उत्तरे नियोक्त्याकडे किंवा पोलिसांकडे जाणार नाहीत हे पहिल्याच ओळीत, साध्या भाषेत लिहावे आणि तसे वागावे. धोरणासाठी एकत्रित आकडे पुरतात. तिसरी, शेवटच्या प्रश्नानंतर जिवंत माणसाचा आवाज मिळावा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलि-मानसच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येते. इंदूर-दिल्लीतल्या किंवा त्याहूनही दूरच्या मराठी घरांना याचे मोल अधिक वाटावे, कारण लाज वाटणारी गोष्ट परक्या भाषेत सांगणे दुप्पट कठीण असते.

चाकसूच्या ढाब्यावरचे राहिले. मी त्याला सांगितले, "हे कुठेही जात नाही. मी प्रश्न वाचतो, उत्तर मला सांगू नका. तुमच्या फोनवर आकडे मांडा आणि शेवटी पुसून टाका." त्याने तसे केले. मधे एकदाच तो बोलला, जवळच्या माणसाने काळजी बोलून दाखवली का, या प्रश्नाला म्हणाला, "पोरगी म्हनली व्हती दिवाळीत." बेरीज झाल्यावर त्याने आपण होऊन फोन माझ्यापुढे धरला. एकवीस. एकवीस म्हणजे काय ते मी सांगितले : हाताबाहेर गेलेले नाही, पण वाट तिकडेच जाते आहे. कोणत्या फेऱ्यांत बोंडे लागतात, असे विचारल्यावर त्याने सलग दोन रात्रींच्या खेपांची नावे घेतली, आणि मालकाशी बोलून त्यांतली एक सोडता येईल का हे पाहतो म्हणाला. पाहील की नाही, मला ठाऊक नाही. पुन्हा त्याची गाठ पडली नाही.

उठताना त्याने मदतीचा क्रमांक मागितला आणि फोनमध्ये 'मेव्हणा' या नावाने साठवला. क्लीनरने पाहिले तर काही वाटू नये म्हणून. ज्या दिवशी तो क्रमांक त्याच्याच खऱ्या नावाने साठवायला कोणाला संकोच वाटणार नाही, त्या दिवशी आम्हा प्रश्न विचारणाऱ्यांचे काम पुरे झाले असे म्हणता येईल. तोवर निदान एवढे करावे, की त्या जुन्या फॉर्मच्या रकान्याखाली, सहीच्या जागेच्या वर, एक ओळ छापावी : या उत्तराचा उपयोग फक्त उपचारासाठी केला जाईल. मी त्या वेळी सही केली, तेव्हा तिथे ती ओळ नव्हती.